‘काय उभं हाय?’ विचारणारी चंद्राक्का

परवा फोनवर तुमच्यापैकी एकजण म्हणाला, “आजी, तुमच्या पिढीला कर्जाची भीती वाटायची, म्हणून आपला देश मागे राहिला.” दुसरीने मागून ओरडून सांगितलं, “उलट! आजीची पिढी कर्ज काढत नव्हती म्हणून सुखाने झोपत होती!” मी फोन ठेवला, भांडी पुसून जागच्या जागी लावली, आणि मग लक्षात आलं की मला राग आला आहे. दोघांचाही. ज्यांनी कर्ज काढलं आणि ज्यांनी त्या कर्जाची माती केली त्यांना मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून चंद्राक्काबद्दल लिहिते. नीट क्रमाने लिहीन. राग आला की मी जास्तच क्रमाने लिहिते, हे तुमच्या वडिलांना विचारा.

आधी जागा सांगते. बेळगाव शहर तेव्हा इंग्रजांच्या मुलखात होतं आणि त्याला अगदी चिकटून असलेलं शहापूर एका संस्थानाच्या हद्दीत. एक रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. कायदा वेगळा, कोर्ट वेगळं, माणसं मात्र तीच. शहापुरात घरोघर माग होते. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचं आणि हाताने धोटा फेकत लुगडं विणायचं. आम्ही रस्त्याच्या अलीकडे, इंग्रजांच्या बाजूला राहत होतो. माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, इंग्रजी शाळेत मास्तर. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. विणकरांना कर्ज देण्यासाठी गावात एक पतपेढी निघाली होती, तिला सगळे सोसायटी म्हणत. अण्णा तिचे बिनपगारी सेक्रेटरी होते.

चंद्राक्का पलीकडची, शहापूरची. उंच, काळी, हाडाची. आवाज असा की रस्त्यापलीकडून तिने नवऱ्याला हाक मारली की आमच्या गोठ्यातली म्हैस मान वर करायची. नवरा बसाप्पा गरीब स्वभावाचा. मागावर बसला की माणूस आहे की मागाचाच भाग आहे हे कळू नये इतका गप्प. बाहेरचं सगळं चंद्राक्का बघायची. सुताची लड हातात घेतली की आधी एक धागा दातात धरून झटका द्यायची, तुटला की व्यापाऱ्याच्या पायाशी थुंकायची. आमच्याकडच्या बायका ‘मी जाते’ म्हणत नाहीत, ‘मी जातो’ म्हणतात. चंद्राक्काच्या तोंडी ते फारच शोभायचं.

तिला एक खोड होती. कुणी पैसे उसने काढले असं कानावर आलं, की ती त्याला गाठायची आणि विचारायची, “काय उभं हाय त्या पैशाचं? दाव मला.” हा प्रश्न ती कुठेही विचारायची. एकदा एका लग्नात पंगत बसली होती. नवरीचा बाप तूप वाढत आला. चंद्राक्काने पानावर हात आडवा धरला.

“किती काढलंस रं लग्नाला?”

“आक्का, जेवा की आता.”

“जेवतो. पर उद्या सकाळी ह्या मांडवात काय उभं असंल, ते सांग. शेण सारवायला तरी भुई ऱ्हाईल का?”

“मुलगी सासरी उभी ऱ्हाईल न्हवं!” बिचारा म्हणाला. पंगत हसली.

“ती तिकडं उभी, आन् गुरावानी दावं तुझ्या गळ्यात,” असं म्हणून ती जेवली, आणि भरपूर जेवली. माणसं तिला बोलावणं टाळत नसत, कारण न बोलावलं तर ती दारात उभी राहून विचारायची.

तुम्हाला वाटेल ती कर्जाच्या विरुद्ध होती. उलट! साऱ्या गल्लीत कर्जाची एवढी ओढ दुसऱ्या कुणाला नव्हती. तिचा राग होता तो सूतवाल्या शेटजीवर. शेटजी सूत उधार द्यायचा, त्याच सुताचं लुगडं त्यालाच द्यायचं, भाव त्यानेच ठरवायचा, आणि दिवाळीला हिशेब झाला की बाकी विणकराकडेच निघायची. बसाप्पाच्या बापाची बाकी बसाप्पाकडे आली होती. “हे कर्ज न्हवं, हे दावं हाय,” चंद्राक्का म्हणायची. “गळ्यात बांधल्यालं. कर्ज म्हंजे शिडी. चढायला घ्यायची, चढलं की परत द्यायची.”

तिला शिडी हवी होती ती नव्या मागांची. दोरी ओढली की धोटा आपोआप इकडून तिकडे धावतो असे लाकडी सांगाड्याचे माग नुकते आले होते. त्यांच्यावर दुप्पट काम निघे, शिवाय ते सुटे करून चौघांनी उचलून नेता येत. तिने दोन मागांसाठी सोसायटीकडे अर्ज केला. सोसायटीने सांगितलं, तू संस्थानात राहतेस, आमच्या कायद्याच्या बाहेर. तिने काय करावं? रस्त्याच्या अलीकडे, आमच्या परसाला लागून एक पडकी शेड होती, ती भाड्याने घेतली आणि बसाप्पाची खाट डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडून आली. “बगा मास्तर,” अण्णांना म्हणाली, “कालपर्यंत मी राजाची हुतो, आजपासून इंग्रजाची. आता काय अडचण?”

बैठक आमच्याच ओसरीवर झाली. सोसायटीचे चेअरमन एक जमीनदार होते, त्यांना सगळे इनामदार म्हणत. ते सुपारी कातरत म्हणाले, “चंद्राक्का, कर्ज वाईट बरं. बाईमाणसाने या भानगडीत पडू नये.”

“व्हय की. मग तुमच्या पुतण्याच्या मुंजीला सोसायटीतनं काढलासा, तवा ते ग्वाड हुतं व्हय?”

इनामदारांची सुपारी अडकित्त्यातच राहिली. अण्णा खोकले. कर्ज मंजूर झालं.

आणि मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून फोनवरच्या पहिल्या शहाण्याला सांगते की हो, कर्जाने भरभराट होते. दोन मागांची तिने चार केली, हप्ता एकदाही न चुकवता. शेटजीची बाकी त्याच्या पेढीवर नेऊन आपटली आणि लुगडी घेऊन थेट निपाणीच्या बाजाराला जाऊ लागली. तिकडे तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांच्या हातात आठवड्याचे रोख पैसे असत, आणि त्यांना शेटजीच्या दुकानाची पायरी चढायची भीती वाटे. चंद्राक्का वखारीच्या दारातच गाठोडं सोडायची. तंबाखूच्या खकाण्याने शिंकत शिंकत भाव करायची. तिचा भाऊ त्याच वखारीत खोकत होता, त्याला उचलून आणून मागावर बसवला. तिच्या मागोमाग पलीकडची आणखी विणकर घरं रस्ता ओलांडून आली आणि आमच्या परसामागे एक नवी ओळच उभी राहिली. ओळ आली म्हणून सुतार आला, रंगारी आला, कोपऱ्यावर चहाचं दुकान आलं. पूर्वी तिथे संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. संध्याकाळी चंद्राक्का दारात कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि त्या ओळीकडे बघायची. “हे उभं हाय,” म्हणायची. कुणी विचारलेलं नसताना.

ओळ वाढावी म्हणून ती एक गोष्ट करू लागली. नव्याने आलेल्यांना जामीन कुणी मिळत नसे. ती जामीन राहू लागली. “घे रं कर्ज, मी हाय,” असं एखाद्याला जेवायला वाढावं तसं म्हणायची. कर्ज घेणाऱ्याने बुडवलं तर भरायचं तिने, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण मागासाठी घेतलेलं कर्ज बुडेलच कसं, असा तिचा हिशेब. मागावर तिचा विश्वास होता. माणसांना तिने मागासारखंच समजलं.

आता खरी गोष्ट. सोसायटीचा नियम होता की कर्ज मिळेल ते धंद्यासाठी, लग्नकार्यासाठी नाही. आणि गावाची रीत अशी की अर्जावर लिहायचं ‘माग’, आणि पैसा घालायचा मांडवात. हे सगळ्यांना माहीत होतं. चेअरमनना माहीत होतं. माझ्या अण्णांनाही माहीत होतं. मऊ, सज्जन, स्वच्छ धोतराच्या माझ्या अण्णांना. कुणाला हे पाप वाटत नव्हतं. मुलीचं लग्न अडलंय, सोसायटी आपलीच आहे, लिहा माग! फक्त ओळीतल्या चार घरांनीही तेच केलंय हे चंद्राक्काला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिने सह्या केल्या नसत्या. तिने विचारलं की ठरलेलं उत्तर, ‘माग सुताराकडं हाय.’

वर्षातून एकदा सरकारी तपासनीस यायचे, कर्जातून आणलेले माग बघायला. त्या वर्षी त्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी चंद्राक्काचा शेजारी मल्लाप्पा तिच्याकडे आला. त्याचा माग खरोखरच सुताराकडे होता, अर्धा झालेला. चंद्राक्काचं सोडलं तर ओळीत लग्नासाठी न घेतलेलं असं त्याचं एकट्याचंच कर्ज होतं. “आक्का, उद्या एक दिस तुझा एक माग माझ्या घरात लावू दे. साहेब गेला की परत आणतो.” चंद्राक्का त्याच्यावर खेकसली, सुताराच्या आईचा उद्धार केला, आणि म्हणाली, “ने जा.” तिची चूक म्हणाल तर एवढीच. दुसऱ्या दिवशी पहाटेच ती गाठोडं घेऊन निपाणीला गेली.

त्या दिवशी मी आमच्या परसातल्या पेरूच्या झाडावर होते. शाळेला सुट्टी होती. ओळीतल्या सगळ्या घरांची मागची दारं, आणि घरांमधल्या बोळांतून पुढच्या ओसऱ्याही, मला तिथून दिसत होत्या. तपासनीस साहेब पुढच्या दाराने मल्लाप्पाच्या घरात गेले, माग बघितला, पुढच्या ओसरीवर बसले. त्यांच्यापुढे बेळगावचे मांडे आले, दूध आलं. साहेब मांडा मोडत असताना मागच्या दाराने चार माणसं तोच माग घेऊन बाहेर पडली आणि धावत पुढच्या घराच्या मागच्या दारात शिरली. साहेब तिथे आले. माग तयार! पुन्हा ओसरी, पुन्हा मांडे, पुन्हा दूध. आणि माग पुढच्या घरी. मी हसून हसून फांदीवरून पडायची राहिले. पाचव्या घरी साहेबांना मांडा बघवेना. ते पोटावर हात ठेवून नुसतेच “उत्तम, उत्तम” म्हणत होते. शेजारी अण्णा उभे होते, छत्री धरून.

मागाच्या एका कोपऱ्याला तांब्याची पट्टी ठोकलेली होती. गाडीतून उतरवताना तो कोपरा फुटला होता. माग चार वेळा एका घरातून दुसऱ्या घरात गेला, आणि पेरूच्या झाडावरून चारही वेळा ती पट्टी उन्हात चमकलेली मला दिसली. शेजारून बघणाऱ्या साहेबांना दिसली नसेल असं मी आजही मानायला तयार नाही.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात हाच विषय, आणि हशा. चंद्राक्काला तिथेच कळलं. ती थेट आमच्या ओसरीवर आली. चपला काढल्या नाहीत.

“मास्तर, तुमाला ठावं हुतं?”

अण्णा म्हणाले, “बैस, चंद्राक्का.”

“बसायला न्हाय आलो. चार घरात मागच न्हाय! मांडव घातल्यात त्येंनी माझ्या सहीवर! जामीन मी हाय, मास्तर, मी!”

“हे बघ, साहेबांनी वाईट शेरा मारला असता तर सगळ्यांचीच कर्जं थांबली असती. तुझंसुद्धा. सोसायटी चालली पाहिजे. फेडतील ते हळूहळू.”

“कशातनं फेडतील? बुंदीतनं?”

जामीनकीतून सुटता येतं का, असं तिने विचारलं. कर्ज फिटेपर्यंत येत नाही, असं त्यांनी सांगितलं. हे मात्र अगदी अचूक सांगितलं. ती परत गेली ती ओळीतल्या त्या चारही घरांच्या पुढच्या दारात उभी राहून गल्लीभर ऐकू जाईल असं एकच विचारत गेली, “काय उभं हाय? दाव.” एक बाई रडायला लागली तेव्हासुद्धा ती थांबली नाही. दया तिच्याकडे कमीच होती, हेही लिहायला हवं. मल्लाप्पाशी तर ती पुढे कधीच बोलली नाही, आणि खरं म्हणजे तो एकटाच प्रामाणिक होता.

मग ती जगभरची मोठी मंदी आली. सूत, लुगडं, तंबाखू, सगळ्यांचे भाव एकदम कोसळले. वखारी ओस पडल्या, निपाणीच्या बायकांच्या हातात पैसा राहिला नाही. चंद्राक्काने तरीही आपला हप्ता चुकवला नाही. स्वतः लुगड्याला ठिगळं लावून नेसली, पण भरला. बुडाली ती ती चार घरं. त्यांच्याकडे विकायला माग नव्हता आणि विणायला हात रिकामे नव्हते, शेटजीच्या दाव्याला पुन्हा बांधले गेले होते. सोसायटीने जामीनदाराला नोटीस काढली. खाली सही सेक्रेटरीची.

तिच्या मागांचा लिलाव शेडच्या अंगणात झाला. चारही माग बाहेर काढून मांडले होते. नेमके तेच तपासनीस देखरेखीला आले होते. चेअरमन होते, शेटजी घ्यायला आला होता, अण्णा कागद घेऊन उभे होते. मी तेव्हा मोठी झाले होते, मॅट्रिकच्या वर्गात होते. ती रडेल असं सगळ्यांना वाटत होतं. ती तांब्याच्या पट्टीच्या मागाजवळ गेली, पदराने पट्टी पुसली आणि म्हणाली,

“साहेब, ह्यो तुमच्या वळखीचा हाय. पाच घरात भेटलाय तुमाला. आज सहाव्यांदा भेटतोय, नमस्कार तरी करा की.”

कुणी हसलं नाही. साहेबांनी टोपी सारखी केली. ती चेअरमनांकडे वळली, मग अण्णांकडे. अण्णांना ती काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली. मला आजही वाटतं की तिने त्या दिवशी अण्णांना शिव्या द्यायला हव्या होत्या. माग शेटजीने घेतले. कवडीमोलाने.

आणि आता माझा खरा राग. दुसऱ्या दिवसापासून गाव काय म्हणू लागलं? ‘चंद्राक्का कर्ज काढून बुडाली.’ देवळात तेच, बाजारात तेच. बापाने मुलाला सांगावं, बघ, कर्जाने काय होतं. अरे, कर्जाने कशी बुडेल? तिचं कर्ज फिटत आलं होतं! तिच्या नावावर जेवलेल्यांनी तिला बुडवलं, आणि ज्यांनी छत्री धरली त्यांनी. पण चोराला चोर म्हणण्यापेक्षा कर्जाला वाईट म्हणणं सोपं, कारण कर्ज उलटून बोलत नाही. मग तुमच्यासारखे हुशार लोक येतात आणि त्यावरून देशाचे सिद्धांत काढतात.

चंद्राक्का रस्ता ओलांडून पुन्हा संस्थानात गेली. शेटजीचं सूत विणू लागली, तिच्याच मागावर, त्याच्या कारखान्यात, मजुरीने. मी पुढे पुण्याला कॉलेजात गेले, लग्न झालं.

तिला शेवटचं पाहिलं ते दुसरी मोठी लढाई संपल्यानंतर. तुमचे वडील पोटात होते आणि मी बाळंतपणाला माहेरी आले होते. अण्णा निवृत्त झाले होते, काठी घेऊन चालत. एका दुपारी रस्त्यापलीकडून जुनी हाक आली. “मास्तर!” म्हैस नव्हती, नाहीतर तिनेही मान वर केली असती.

चंद्राक्काचे केस पांढरे झाले होते, दात पडले होते. सूत आता हिरडीने तपासत असेल. सोसायटीची जुनी मंडळी जाऊन नवी आली होती. तिने पुन्हा दोन मागांसाठी अर्ज केला होता, आणि आमच्या परसामागे, त्याच जागेवर, नवी शेड घालून घेतली होती.

“या वयात कर्ज, आक्का?” मी म्हटलं.

“मग कवा? मेल्यावर कोन देतंय?” मग तिचं लक्ष माझ्या पोटाकडे गेलं. “तुझं बरं हाय, उभं ऱ्हातंय.” आणि अण्णांकडे वळून, “मास्तर, जामीन पायजे. ह्या खेपेला तुमी.”

अण्णांनी सदरा चढवला आणि तिच्या मागून चालू लागले. मीही गेले, सावकाश. शेडमध्ये नव्या लाकडाचा वास होता. एका मागावर ताणा चढवलेला होता. दारातल्या खोक्यावर कागद ठेवून अण्णांनी सही केली. अक्षर अजून तसंच, शाळेच्या फळ्यावरचं. चंद्राक्काने शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली. आभार मानले नाहीत. अण्णांनीही त्याची वाट बघितली नाही.

आमचं घर मागच्या बाजूला होतं. परसातून गेलं की जवळ पडे, ओळीतली सगळी माणसं तशीच ये-जा करत. अण्णा सवयीने काठी टेकत शेडच्या आतूनच मागच्या बाजूला गेले आणि थांबले. दाराच्या जागी भिंत होती. चौकट सोडलेली, आणि आतून विटांनी, वरपासून खालपर्यंत, नीट बुजवलेली. अण्णांनी विटांना हात लावून बघितला.

“हितं मागलं दार न्हाय, मास्तर,” ती मागावर बसत म्हणाली. तिने दोरी ओढली, धोटा धावला. “आलासा तसं फुडच्या दारानं जावा.”

अण्णा वळले, आणि तिच्या समोरून, मान खाली घालून, पुढच्या दाराने बाहेर पडले.